स्टिअरिंगवरचा हात

१

ठमाबाईचं त्या गाडीशी पहिल्या दिवसापासून पटलं नाही.

गाडी तिच्या मुलाची, कल्पेशची. पांढरी, बिनआवाजाची, आत बसलं की दवाखान्यात आल्यासारखी गार. कल्पेश जासईला कंटेनर यार्डात सुपरवायझर होता आणि करंजाड्याहून रोज जाऊन-येऊन करायचा. जुनं गाव उठलं, शेतं आणि मिठागरं भरावाखाली गेली, तेव्हापासून सगळी भावकी करंजाड्याच्या प्लॉटांवर मजले चढवून राहत होती. दर दारात गाडी होती. पण हात सोडून चालणारी गाडी एकट्या कल्पेशची, आणि त्याला त्याचा कोण तोरा!

"आई, बघ," म्हणायचा आणि भर रस्त्यात दोन्ही हात वर करायचा, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखे. गाडी आपली पट्टा धरून सरळ. वळण आलं की स्टिअरिंग आपसूक फिरायचं. ठमाबाई तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायची.

तिला गाड्यांचं वावडं नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं तिनं करंजा बंदरावरून पनवेलच्या बाजारात टेम्पोनं म्हावरं आणलं होतं. शिकवलं कुणी नाही. मिठागराच्या बांधावर एकटीच शिकली; एकदा टेम्पोसकट खाडीच्या चिखलात गेली, बाहेर आली, पदर पिळला आणि पुन्हा बसली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून कल्पेश तिला गाडीला हात लावू देत नव्हता, तो राग वेगळाच.

"मना एक सांग," ती म्हणाली, "हिला मरायची भीती हाय का?"

"गाडीला? आई, तू पन ना!"

"मग हिला काय कलतंय गाडी चालवायचं? गाडी हातानं नाय चालत, भीतीनं चालते. जेला मरायचंच नाय, तेच्या हातात आपला जीव द्यायचा?"

"तिला झोप येत नाय, ती दारू पीत नाय, फोन बघत नाय," कल्पेश हसत म्हणाला. "गावातल्या अर्ध्या ड्रायव्हरांपेक्षा बरी हाय."

एवढ्यात गाडीतली बाई गोड आवाजात इंग्रजीत काहीतरी बोलली.

"आनि ही कोन सारखी बोलते? घरात किशोरी हाय ना बोलायला!"

कल्पेशला हसू आवरेना. रविवारची सकाळ होती. मायलेक करंजा बंदरावरून म्हावरं घेऊन परत निघाले होते, दर रविवारसारखे. जासई मागे पडली, नव्या रुंद रस्त्याला गाडी लागली. पुढे-मागे चिटपाखरू नव्हतं.

आणि गाडी हळू झाली. आधी कळेल न कळेल अशी, मग चांगलीच. डावीकडचा दिवा लागला. गाडी कडेला गेली आणि थांबली.

समोर काही नव्हतं. खड्डा नाही, कुत्रं नाही, उडालेली पिशवीसुद्धा नाही. कल्पेशनं पडदा बघितला. पडद्यावर नुसता रिकामा रस्ता.

"सेन्सर," तो म्हणाला. "ऊन पडलं असेल त्यावर."

दम खाऊन उठलेल्या माणसासारखी गाडी पुन्हा चालू लागली.

२

पुढच्या रविवारी ती तिथेच थांबली.

या वेळी ठमाबाईनं आजूबाजूला नीट बघितलं. बघण्यासारखं होतं काय? सपाट केलेली जमीन, सेक्टरचे फलक, दिव्याचे खांब. पण जमीन सपाट केली तरी डोंगर कुणी हलवलेला नव्हता. कर्नाळ्याचा सुळका तिला जसा दिसत होता, तसा तो एकाच जागेवरून दिसायचा. खाली जुन्या गावाची वाट होती, खाडीकडे जाणारी. वाटेच्या मध्यावर एक ओटा होता.

विसावा.

गावात कुणी गेलं की तिरडी त्या ओट्यावर टेकवायची. खांदेकरी घाम पुसायचे. मग तिरडी फिरवायची, पुढचे मागे, मागचे पुढे, आणि उरलेली वाट मसणवटीकडे. दिनानाथला, तिच्या नवऱ्याला, नेलं तेव्हा ती विसाव्यापर्यंत आली होती. बायका तिथून परतायच्या.

ठमाबाईनं स्वतःलाच झापलं. काय म्हातारचळ लागलाय का तुला? ओटा भरावाखाली पुरुषभर खोल गेला. पहाटे म्हावरं आणताना कितीदा एकटी गेलीस इथून, कधी काही भेटलं? यंत्र आहे. यंत्राला जागेचं काय?

गाडी निघाली. रस्ता नवा होता, पोटातलं पाणी हलू नये असा. आणि गाडी हलत होती. खड्ड्यातून जाते तशी नाही. डावीकडे जरा जास्त, उजवीकडे जरा कमी, पुन्हा डावीकडे. एक खांदा उंच आणि एक बुटका असला की तिरडी हलते, तशी.

"टायरला हवा कमी हाय का रे?" तिनं विचारलं.

"नाय गं. का?"

घरी आल्यावर तिनं सुनेला सांगितलं. किशोरी शिकलेली, समजूतदार. सासूचं बोलणं तिनं कधी उडवून लावलं नव्हतं. "आई, नकाशात काही चूक असेल," ती म्हणाली. "यांना दाखवून आणायला सांगते." कल्पेश शोरूमला दाखवूनही आला. तिथला माणूस म्हणाला, गाडी उत्तम आहे. थांबल्याची नोंदच नाही कुठे.

३

मोज्याचा पत्ता किशोरीला लागला.

तिला कल्पेशच्या एका मोज्याचा जोडीदार सापडत नव्हता. तो शोधत ती दारातल्या गाडीपाशी गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, हे काय बांधलंय?"

स्टिअरिंगच्या खालच्या दांडीला मोजा बांधलेला होता. त्यात काहीतरी जड.

कल्पेश ओशाळा हसला. गाडी हात सोडून चालते खरी, पण मध्येमध्ये विचारते, हात आहे का? पडद्यावर स्टिअरिंगचं चित्र येतं. हात असला तर चित्रातले हात हिरवे. नसला तर लाल होतात आणि गाडी बोंब मारते. "पन तिला हात कुठं दिसतोय? वजन कलतं नुसतं. यार्डातले सगले करतात. कोन पान्याची बाटली अडकवतं, कोन काय. एक वजन लटकवलं की तिला वाटतं, हात हाय."

"म्हंजे फसवतोस तिला," ठमाबाई म्हणाली.

"थोडंसं."

"आनि ती कुनाला फसवते?"

तिनं मोजा सोडला. आतून एक दगड तिच्या हातात आला. मुठीत मावेल असा, काळा, चपटा, एका बाजूनं झिजलेला. तिनं तो उलटापालटा करून बघितला.

"ह्यो कुठं मिलाला तुला?"

"रस्त्यात. लघवीला उतरलेलो एकदा. खोदकाम चाललेलं तिथं, कडेला माती काढलेली. त्यात पडलेला. बरा वाटला हाताला, घेतला."

"कुठं रस्त्यात?"

कल्पेशनं हातानं दाखवलं, उरणच्या दिशेला. मग त्याला स्वतःलाच काहीतरी आठवलं असावं, कारण तो हसायचा थांबला.

"जिथं गाडी थांबते तिथंच," ठमाबाई म्हणाली.

विसाव्यावरचा खडा कुणी सहज उचलत नाही. तिच्या गावात शेंबडं पोरही उचलत नव्हतं. ज्याच्या घरात माणूस गेलंय त्यानंच तो उचलायचा, गेलेल्याचं नाव घेऊन. त्याच खड्यानं मसणात मडकं फोडायचं. दहा दिवस त्याला पाणी घालायचं, कारण तोवर गेलेलं माणूस त्यात असतं. आणि दहाव्याला नाव घेऊनच पाण्यात सोडायचा. जीवखडा म्हणतात त्याला. कल्पेशनं बापाचा उचलला होता, त्याला हे ठाऊक होतं. पण तो उचलला होता ओट्यावरून, रडत, चार माणसांत. रस्त्याच्या कडेच्या मातीत पडलेला दगड तो हाच, हे त्याच्या ध्यानात कसं यावं?

"घरात मेलेलं कोन नाय," ठमाबाई हळूच म्हणाली, "आनि तू खडा उचललास."

"आई, दगड हाय तो!"

"मग आता मानूस लागंल ना रं त्याला."

किशोरीनं नवऱ्याचा दंड धरला. गाडी बंद होती, आणि तरी आत पडदा उजळला. चित्रातले हात हिरवे होते.

४

ठमाबाईनं खडा त्याच संध्याकाळी खाडीत सोडला. रिक्षा करून पुलापर्यंत गेली, कठड्यावरून हात लांब केला आणि सोडून दिला. नाव कुणाचं घेणार? नुसतं म्हणाली, "जा बाबा, चूक झाली पोराची." डुबुक आवाज झाला. तिला हलकं वाटलं, आणि घरी येऊन ती पोटभर जेवलीही.

दुसऱ्या दिवशी कल्पेश कामावरून आला तो खुशीत.

"आई, मोज्याची गरजच नाय राहिली! अपडेट आलाय बहुतेक. रिकामं स्टिअरिंग, तरी हात हिरवे. जासईपर्यंत एकदा बोंबलली नाय."

ठमाबाईच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली.

"तुझा हात नव्हता?"

"नाय."

"वजन नव्हतं?"

"कायच नव्हतं."

"मग हात कुनाचा हाय, कल्पेश?"

त्यावर तो चिडला. गाडी सोडून बसनं जा, असं ती म्हणाली तर आणखी चिडला. चाळिशीचा पोरगा, ऐकणार थोडाच! शेवटी ठमाबाईनं तिच्या स्वभावाला धरून केलं. दुसऱ्या दिवसापासून ती बाजूच्या सीटवर जाऊन बसू लागली. जाताना पण, येताना पण. यार्डाच्या फाटकावरचा परेश दात काढायचा, "काय कल्पेशदादा, आईला घेऊन ड्युटीवर?" ठमाबाई तिथूनच सुनवायची, "तुझ्या आईला तुझी पर्वा असती तर ती पन आली असती मेल्या!" आणि पहारेकऱ्याच्या खोलीत पंख्याखाली बसून राहायची.

आता ती सोबत असली की गाडी, त्या दोन रविवारांसारखी, विसाव्यावर थांबत नव्हती. नुसती मंदावायची. तिला वाटायचं, कुणीतरी वाकून आत बघतंय, आणि बाई बसलेली बघून पुढे सोडतंय.

बायका विसाव्यापुढे जात नाहीत. या एका गोष्टीवर तिनं सगळी भिस्त ठेवली.

५

एका संध्याकाळी रात्रपाळीचा माणूस आला नाही म्हणून कल्पेश दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यार्डात अडकला. रात्री त्यानं घरी पाठवलेली ठमाबाई सकाळीच बस धरून जासईला येऊन बसली होती. तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"मी चालवते," ती म्हणाली.

"तुला नीट दिसत नाय आई. बस."

"झोपशील तू."

"झोपलो तर काय? ती हाय ना," म्हणाला आणि रस्त्याला लागताच त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढले.

उन्हानं रस्ता पांढरा झाला होता. ठमाबाई बडबड करत राहिली, मुद्दाम. किशोरीच्या भावाच्या लग्नाचं, शेजारच्या सखूबाईच्या सुनेचं. कल्पेश हूं हूं करत होता. मग हूं थांबलं. तिनं बघितलं. त्यानं सीट मागे पाडली होती, बूट काढले होते. पाय जुळवून सरळ ताणलेले, अंगठ्याला अंगठा लागलेला. असं कुणी झोपत नाही. असं झोपवतात.

"कल्पेश!"

गाडी हळू झाली. कडेला गेली. थांबली.

"ऊठ रं! कल्पेश!" तिनं त्याचा खांदा गदगदा हलवला. त्याची मान कलंडली, तोंड उघडं पडलं. छाती हलत होती. हलत होती ना? तिनं नाकाशी बोटं धरली. ऊब होती, थोडी.

समोर कर्नाळ्याचा सुळका होता. गाडीत कसलाच आवाज नव्हता. मग पडदा बदलला. मागचा रस्ता दिसू लागला आणि गाडी उलटी चालू लागली.

पुढचे मागे, मागचे पुढे.

तिला सगळं एकदम कळलं आणि कळून काही उपयोग नव्हता. आज बाई बसलीय हे कुणी बघितलं नव्हतं, किंवा बघून सोडून दिलं होतं. गाडी रस्ता सोडून मुरुमावर उतरली. डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. डावीकडे जास्त. मागे भराव संपत होता आणि त्यापलीकडे खाडी होती, जिथे गावची मसणवट होती.

तिनं पडद्यावर बघितलं. फक्त एकदाच. मागच्या कॅमेऱ्यात, अगदी खाली, दोन्ही कोपऱ्यांत टाचा होत्या. अनवाणी, चिखलानं भरलेल्या, पाठमोऱ्या. उचलायच्या आणि टेकायच्या. एक जोडी मोठी, एक लहान.

पुढच्या काचेतून तिनं बघितलं नाही. तिथे आणखी दोघं असणार हे तिला माहीत होतं.

तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. मोटारीचा जोर तिला ठाऊक होता. तो एकसारखा असतो, मुका. हा तसा नव्हता. ती ओढायची तेवढंच समोरून ओढलं जायचं. ती थांबली की तोही थांबायचा. तिनं पकड बदलली, तर त्यानंही बदलली.

"कुनाचं नाव पायजेल तुला?" ती ओरडली. "नाव पायजेल ना?"

जन्मात तिनं नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. आता घेतलं. "दिनानाथ! दिनानाथचा खडा हाय तो! घे!"

गाडी चालतच राहिली. दिनानाथचा खडा केव्हाच पाण्यात गेला होता. त्याचं सगळं झालेलं होतं. मेलेल्या माणसाला कुणी दुसऱ्यांदा नेत नाही.

शेजारी कल्पेशचं तोंड निळसर दिसत होतं. एक हात सोडून तिनं पुन्हा त्याच्या नाकाशी बोटं धरली; आता ऊब लागत नव्हती.

ठमाबाईनं स्टिअरिंग सोडलं. मागे टेकून बसली. आयुष्यभर तिनं कुणाला वाट दिली नव्हती, रस्त्यात नाही आणि घरातही नाही. ती मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, गावकीत साक्ष देतात तसं:

"खडा ठमाबाईच्या नावानं सोडलाय."

स्टिअरिंग एकदम सैल पडलं.

गाडीनं किंकाळी फोडली. पडद्यावरचे हात लाल झाले होते, उघडझाप करत होते. कल्पेश बुडता माणूस वर यावा तसा घुसमटून उठला, त्यानं झडप घालून स्टिअरिंग धरलं, ब्रेकवर पाय दाबला. मागची चाकं भरावाच्या कडेला घसरत थांबली. थोडी माती खाली गेली आणि खाडीत पडली.

"आई! काय झालं? आपन कुठं आलो?"

"झोपलास तू," ठमाबाई म्हणाली. "चल घरी. हात नको काढू."

६

कल्पेशनं हात काढला नाही. पनवेल जवळ आलं तरी त्याची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडलेली होती. एकदाच, बघायचं म्हणून, त्यानं ती उचलली. लगेच हात लाल, लगेच बोंब. त्यानं चटकन पुन्हा धरलं आणि रडल्यासारखा हसला.

"बरी झाली गं आई. बघ, हात नसला तर ओरडते."

"हां," ठमाबाई म्हणाली. तिला बरं वाटत होतं. छातीवरून धोंडा उतरल्यासारखं, अगदी हलकं.

"विकून टाकतो उद्या. साधी घेतो."

"विक."

रस्त्याच्या कडेला कलिंगडांचा ढीग लागला होता. कल्पेशचा घसा कोरडा पडला होता, तिच्या लक्षात आलं. "थांब, घेते एक," म्हणून ती उतरली. कलिंगडवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होती. ठमाबाईनं दोनदा हाक मारली, मग स्वतःच एक फळ ठोकून बघून उचललं आणि पैसे तराजूत ठेवले. बाईनं मान वर केली नाही. मग्रूर मेली, ठमाबाई पुटपुटली.

फळ चांगलं जड होतं. दार उघडून तिनं ते आपल्या सीटवर ठेवलं आणि पदरानं हात पुसू लागली.

गाडी ठणठण करायला लागली.

"आता काय हिचं?" ठमाबाई दचकली.

"पट्टा गं. सीटवर वजन आलं ना, तिला वाटतंय मानूस बसलाय," कल्पेश म्हणाला. त्याला आता हसू येत होतं. "कलिंगडाला पट्टा लाव म्हनते. उचल ते, बस."

ठमाबाईनं कलिंगड उचललं. ठणठण थांबली.

ती सीटवर बसली. कलिंगड पायाशी ठेवलं, पट्टा तसाच राहू दिला. दार ओढून लावलं.

कल्पेशनं गाडी सुरू केली आणि पट्ट्याच्या ठणठणीची वाट बघितली. मग तो पडद्याकडे वाकला, पडद्यावर बोटानं टकटक केलं, आणि तिच्याकडे बघितलं. हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं होतं, विसरल्यासारखं.

ठमाबाईनं पाय उचलून घेतले. सगळा भार सीटवर टाकला, दात आवळून, जोर लावून, आणखी जोर लावून.

गाडी गप्प होती.